आजोबांचा पाना आणि तळ्यावर उतरणारी विमाने

मुठाकाठ

नमस्कार. नारायण पेठेतील आमचा वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा करताना माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत मद्रासजवळच्या रेड हिल्स तळ्यावरील हवाई दलाच्या तळावर फिटर म्हणून कामाला होते, एवढेच आम्हा घरच्यांना ठाऊक होते. 'आम्ही होड्या उडवायच्या कामावर होतो' असे ते सांगत, आणि आम्ही नातवंडे ती थाप समजून हसत असू. ते जाऊन आता तीस वर्षे झाली, त्यामुळे विचारायचे राहून गेले ते गेलेच.

ट्रंकेत दोन छायाचित्रे आणि एक पाना सापडला. पहिल्या छायाचित्रात पाण्यावर तरंगणारे एक विमान आहे. त्याचे पोट होडीसारखे असून पंख धडाला चिकटलेले नाहीत. धडावर एक जाड खांब उभा करून त्यावर सलग एकच लांब पंख आडवा ठेवल्यासारखा दिसतो. पंखावर दोन इंजिने आहेत आणि धडाच्या मागच्या बाजूला, दोन्ही अंगांना, काचेचे मोठे फुगे आलेले आहेत. दुसरे छायाचित्र फार जवळून घेतलेले आहे. त्यात एक माणूस, बहुधा आजोबाच, पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर आलेल्या फळीवर बसून इंजिनात हात घालून काम करताना दिसतो आणि त्याच्या पायांखाली थेट पाणी आहे. पाना साधाच, दोन तोंडांचा, गंजलेला. मात्र त्याच्या मधोमध सुतळीची गाठ मारून एक फास ठेवलेला आहे, तो कशासाठी हे कळत नाही.

माझे प्रश्न असे : हे विमान कोणते? त्या जातीची विमाने आज कोठे जपून ठेवलेली आहेत का, आणि त्यांपैकी एखादे भारतात पाहायला मिळेल का? आत्याचे म्हणणे असे की यांतले एक विमान खडकवासल्याच्या धरणातही उतरत असे. त्यात तथ्य वाटते का?

पूर्वकिनारा

पहिल्या छायाचित्रातील विमान आपण इतके नेमके वर्णन केले आहे की चित्र न पाहताही ओळखता येते. ते अमेरिकेच्या कॉन्सॉलिडेटेड कंपनीचे कॅटलिना. खांबावर ठेवलेला एकसंध पंख आणि पाठीमागचे काचेचे फुगे ही जोडी दुसऱ्या कोणत्याही विमानात सापडत नाही. फुग्यांत बसून दोन टेहळे तासन् तास समुद्र न्याहाळत असत आणि वेळ आली तर तिथल्याच मशीनगन चालवत. आपल्या आजोबांच्या पेशाशी जवळची गोष्ट म्हणजे त्या खांबाच्या आतल्या अरुंद जागेत उड्डाणाच्या वेळी इंजिनांवर लक्ष ठेवणारा अभियंता बसत असे. पंखांच्या टोकांना दोन लहान तरंगे असत. विमान उडाले की ते वर दुमडून पंखांचीच टोके बनत.

कॅटलिनाचे पहिले उड्डाण १९३५ मध्ये झाले आणि पुढच्या दहा वर्षांत अशी तीन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. पंखांची लांबी साधारण ३२ मीटर, इंजिने प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची. वेग मात्र ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने हास्यास्पद. पण या विमानाची खरी ताकद वेगात नव्हतीच. एकदा पाण्यावरून उठले की ते वीस वीस तास हवेत राहू शकत असे, आणि पाणबुड्या शोधण्याच्या कामात हीच गोष्ट मोलाची होती. २६ मे १९४१ रोजी जर्मनांची बिस्मार्क ही युद्धनौका अटलांटिकमध्ये पुन्हा हुडकून काढली ती ब्रिटिश हवाई दलाच्या कॅटलिनानेच.

आपल्याकडच्या समुद्राचा प्रसंग याहून कमी सांगितला जातो, म्हणून तो जरा विस्ताराने लिहितो. श्रीलंकेत गॉलजवळ कोग्गला नावाचे सरोवर आहे, तेथे या विमानांचा तळ होता. ४ एप्रिल १९४२ रोजी तेथून गस्तीवर गेलेल्या कॅनडाच्या तुकडीतील एका कॅटलिनाला दिवस मावळण्याच्या सुमारास सिलोनच्या दक्षिणेला जपानी विमानवाहू ताफा दिसला. वैमानिक लिओनार्ड बर्चल ताफा नीट मोजता यावा म्हणून आणखी जवळ गेले. संदेश पाठवला जात असतानाच जपानी लढाऊ विमानांनी त्यांना पाडले. नऊ जणांपैकी सहा जण जिवंत राहिले आणि युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत होते. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला, पण तोपर्यंत इशारा पोहोचला होता. त्याच मोहिमेत ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब पडले आणि मद्रास शहर भीतीने अर्धे रिकामे झाले. आपले आजोबा मद्रासला गेले त्याच्या थोडेच आधीची ही हकिगत आहे, आणि रेड हिल्सच्या तळ्यावर कॅटलिना का आणून ठेवली होती याचे उत्तरही त्यातच आहे : बंगालच्या उपसागरावर सतत डोळा ठेवणे. पुढे तेथील २४० क्रमांकाच्या तुकडीतील काही विमाने शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यांवर रात्री हेर नेऊन सोडण्याच्या कामीही लागली.

ते तळे म्हणजे आजचा पुळल जलाशय, चेन्नईला पिण्याचे पाणी पुरवणारा. समुद्रापासून तो जवळ आहे, शिवाय पाणी गोडे. विमानाच्या दृष्टीने हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता.

खडकवासल्याबद्दल मात्र आत्याबाईंची क्षमा मागून असहमत होतो. गस्तीचे विमान किनाऱ्यालगत ठेवतात; सह्याद्रीच्या अलीकडे धरणात ते ठेवून समुद्रापर्यंतचे जाणे-येणे फुकट घालवण्यात अर्थ नव्हता. माझा तर्क असा की युद्धकाळात खडकवासल्याला समुद्रकिनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचे प्रशिक्षण केंद्र होते, त्याच जागी पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. तेव्हा धरणातल्या लष्करी होड्यांच्या आणि मद्रासच्या उडत्या होड्यांच्या गोष्टी घरात सांगता सांगता एकमेकींत मिसळल्या असाव्यात.

कोथरूडकर

चर्चेत थोडी भर घालतो. असे विमान पाहायला लांब जाण्याची गरज नाही असे वाटते. २०२० मध्ये अहमदाबादच्या साबरमतीवरून केवडियाला जाणारे पाण्यावरचे विमान सुरू झाले होते. तत्त्व तेच, पाण्यावर उतरायचे आणि पाण्यावरून उडायचे.

पूर्वकिनारा

तत्त्व पूर्णपणे तेच नाही, आणि मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. केवडियाचे विमान म्हणजे साधे ट्विन ऑटर, फक्त चाकांच्या जागी दोन लांबट तरंगे लावलेले. त्याचे धड पाण्याला लागतच नाही. उडत्या नौकेत धड हीच नौका असते. तिच्या तळाला मध्यावर एक पायरी असते. वेग वाढू लागला की नौका पुढच्या भागावर घसरत धावते, पायरीमागे हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. ती पायरी नसती तर कितीही ताकदीची इंजिने लावली तरी पाण्याने तिला सोडले नसते. वारा पडलेला असेल आणि पाणी आरशासारखे स्तब्ध असेल तर पायरी असूनही विमान उठायला कुरकुर करी; मग एखादी लाँच पुढून वेगाने नेऊन पाणी ढवळावे लागे. उतरताना तेच पाणी अधिक धोक्याचे, कारण आरशाकडे पाहून आपण त्याच्यापासून किती उंचीवर आहोत ते वैमानिकाला कळत नाही.

निवृत्त तंत्रज्ञ

मी हवाई दलात सत्तावीस वर्षे इंजिनांच्या देखभालीवर होतो. उडत्या नौका माझ्या वाट्याला आल्या नाहीत, परंतु त्यांवर काम केलेले एक वयस्क प्रशिक्षक आम्हाला लाभले होते, त्यांच्याकडून ऐकलेले सांगतो.

सुतळीचा फास पाहून मला क्षणभर भरून आले. धावपट्टीवर पाना हातातून सुटला तर वाकून उचलता येतो. ही विमाने बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, बांधून पाण्यातच उभी असत आणि रोजची बहुतेक कामे तेथेच, हलत्या पाण्यावर, करावी लागत. हातातून सुटलेली वस्तू तळ्याच्या तळाशी जाई, आणि हत्यारांची मोजणी संध्याकाळी होत असे. म्हणून प्रत्येक पाना, प्रत्येक पेचकस मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेला. आमचे प्रशिक्षक म्हणत, 'बांधलेला पाना हा फिटरचा आणि न बांधलेला तळ्याचा.' नट मात्र बांधता येत नसे; तो तोंडात धरायचा.

बाकी कामेही अशीच, जहाजावरची आणि विमानावरची एकत्र. पोटात साचलेले पाणी सकाळी उपसायचे. रात्री एक-दोन माणसे विमानातच झोपायची, कारण वादळात दोर तुटला तर विमान काठावर जाऊन आपटे. मोठे काम निघाले की पोहणाऱ्या माणसांनी तात्पुरती चाके पाण्यातच विमानाच्या कुशीला अडकवायची आणि मग ट्रॅक्टरने उतारावरून ओढून ते काठावर घ्यायचे. समुद्रात उभ्या असणाऱ्या विमानांना तर मीठ खाई. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जोडाच्या फटींतून एकदा क्षार लागला की वरचा रंग जसाच्या तसा राहतो आणि आतून पत्र्याची भुकटी होते. वर गोड्या पाण्याचा उल्लेख आला आहे तो या कारणाने योग्य आहे.

आता एक शंका. आपण दोन्ही छायाचित्रे एकाच विमानाची मानली आहेत. दुसऱ्या छायाचित्रात फळी 'पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर आलेली' आहे असे आपण लिहिले आहे. बाहेरून अडकवलेली शिडी नव्हे, पंखाचाच तुकडा बिजागरीवर खाली पडून त्याची बैठक झालेली, असे असेल तर ते कॅटलिना नसून ब्रिटिश बनावटीचे शॉर्ट सदरलँड असण्याची दाट शक्यता आहे. त्या विमानात प्रत्येक इंजिनाशेजारी पंखाची कड अशी उघडत असे. कृपया दोन गोष्टी पाहाव्यात : छायाचित्रात त्याच बाजूला दुसरे इंजिन दिसते का, आणि पान्यावर काही अक्षरे कोरलेली आहेत का? गंज काढायला पॉलिश पेपर वापरू नका, अक्षरे जातील. रॉकेल मिळाले तर रात्रभर त्यात बुडवून ठेवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा.

संग्रहालयवेडा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. कोणती विमाने उरली याचा मागोवा घेताना मला सारखे असे दिसले की युद्धातला पराक्रम विमानाला वाचवत नाही. युद्धानंतर एखादे किरकोळ, पोटापाण्याचे काम मिळाले तरच ते वाचते.

कॅटलिना बरीच उरली, कारण तिच्या पुढच्या आवृत्त्यांना चाकेही होती. तिने नंतर माल वाहिला, जंगलातल्या आगी विझवल्या. डेन्मार्कने तर १९७० पर्यंत ती ग्रीनलंडच्या कामासाठी वापरली आणि त्यांतलेच एक विमान आज इंग्लंडमधील कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात आहे. काही अजून उडतातही. रेड हिल्सवर असत तशी बिनचाकी कॅटलिना मात्र दुर्मीळ झाली. त्याचे एक चमत्कारिक कारण असे की ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला बरीच विमाने अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती एक तर विकत घ्यायची, परत करायची किंवा नष्ट करायची. कोग्गला ते पर्थ अशी टपाल आणि जेमतेम तीन प्रवासी नेणारी क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीची कॅटलिना सेवा १९४३ ते १९४५ या काळात २७१ वेळा हिंदी महासागर ओलांडून गेली. सुमारे साडेपाच हजार किलोमीटरचा पल्ला, सत्तावीस ते तेहतीस तास, वाटेत रेडिओ बंद, आणि एका प्रवासात सूर्योदय दोनदा दिसे. अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अंटारिस आणि स्पायका अशी ताऱ्यांची नावे दिलेली ही पाच विमाने, आणि युद्धानंतर ती समुद्रात नेऊन बुडवली. हिशेब चुकता झाला म्हणायचे!

सदरलँड सुमारे साडेसातशे बांधली गेली आणि आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयातले विमान युद्धानंतर फ्रेंच नौदलाने वापरले म्हणून टिकले. १९६१ मध्ये ते वेल्समध्ये परत आले आणि दहा वर्षे उघड्यावर पावसात उभे राहिल्यावर १९७१ मध्ये हेंडनला छपराखाली गेले. त्याच्या पोटात शिरून पाहता येते. आत निजायच्या बाकांची खोली, स्वयंपाकाची जागा आणि चिनी मातीचा संडास आहे, म्हणजे आपल्या आजोबांचा 'होडी' हा शब्द मुळीच अतिशयोक्तीचा नव्हता. डक्सफर्ड येथील विमानाची कथा याहून गमतीची : फ्रान्समध्ये त्याचा चक्क मद्यपानगृह म्हणून उपयोग होत असे, म्हणूनच ते भंगारात गेले नाही. एक न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये, एक अमेरिकेत फ्लोरिडात आहे.

जपानच्या कावानिशी एच ८ के या चार इंजिनांच्या उडत्या नौका १६७ बांधल्या गेल्या. मार्च १९४२ मध्ये त्यांतल्या दोन नौका वाटेत एका प्रवाळबेटाजवळ पाणबुड्यांकडून इंधन घेऊन पर्ल हार्बरवर पुन्हा बॉम्ब टाकायला गेल्या, पण त्यांचे बॉम्ब लक्ष्यावर पडले नाहीत. त्या १६७ पैकी एकच विमान आज उरले आहे, तेही अमेरिकनांनी चाचण्यांसाठी आपल्या देशात नेले म्हणून. १९७९ मध्ये ते जपानला परत मिळाले आणि आता कानोया येथे आहे. जर्मनांच्या प्रचंड बीव्ही २२२ विमानांपैकी, एकूण तेरा बांधली होती, एकही शिल्लक नाही. याउलट ऑस्ट्रेलियात ब्रूम येथे ३ मार्च १९४२ च्या जपानी हल्ल्यात पंधरा उडत्या नौका जळाल्या, त्यांतल्या अनेकींत जावा बेटावरून पळून आलेली बायकामुले होती. त्यांचे सांगाडे आजही मोठ्या ओहोटीला उघडे पडतात. ते मी संग्रहात मोजत नाही.

भारतात युद्धातली उडती नौका दाखवू शकेल असे मला काही सुचवता येत नाही, पण तिची धाकटी बहीण जवळच आहे. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५३ मध्ये कोचीला पहिली विमाने आणली ती सदरलँड बांधणाऱ्या शॉर्ट कंपनीचीच, सीलँड जातीची, पाणी आणि जमीन दोन्हीवर उतरणारी. दोन इंजिनांचे, छोटेसे विमान. त्यांतले एक गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभे आहे. पुण्याहून रात्रीची बस पुरते.

जाता जाता एक प्रसंग नोंदवतो, कारण सदरलँड फक्त समुद्रावरचे विमान नव्हते. जून १९४४ मध्ये, भर पावसाळ्यात, ब्रह्मदेशातील जंगलात अडकलेल्या चिंडिट सैन्यातील (जपान्यांच्या पिछाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश फौजेतील) सुमारे पाचशे जखमी आणि आजारी सैनिकांना बाहेर काढायला धावपट्टी नव्हती, परंतु इंदवजी नावाचे सरोवर होते. २३० क्रमांकाच्या तुकडीची दोन सदरलँड विमाने आसामात ब्रह्मपुत्रेवर आणली गेली आणि डोंगर ओलांडून, ढगांत चाचपडत, त्या सरोवरावर उतरून एका वेळी चाळीसेक माणसे उचलून आणू लागली. सैनिकांनी त्या दोन विमानांना गर्ट आणि डेझी अशी एका विनोदी जोडीतील दोन पात्रांची नावे दिली होती. तीच तुकडी १९४५ मध्ये रेड हिल्सच्या तळ्यावर होती, म्हणून तंत्रज्ञ साहेबांच्या शंकेत मला पुष्कळ तथ्य दिसते.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. रॉकेल मिळवायला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

भिंग घेऊन दुसरे छायाचित्र पाहिले. फळीला दोन्ही कडांना बिजागरी स्पष्ट दिसतात आणि उजवीकडच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, दुसऱ्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते आले आहे. आम्ही ते इतकी वर्षे विजेचा खांब समजत होतो. पान्याच्या एका तोंडाशी पाच-भागिले-सोळा आणि त्यापुढे इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर उमटले आहे.

निवृत्त तंत्रज्ञ

म्हणजे पाना ब्रिटिश मापाचा, व्हिटवर्थ पद्धतीचा. अमेरिकी नटांना तो बसत नाही. त्यांच्या पान्यांवर नुसता तोंडाच्या रुंदीचा आकडा असतो. कॅटलिनाच्या इंजिनावर आपल्या आजोबांनी तो चालवला नसणार.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपल्याला आवडेल. १९४५ पर्यंत २३० तुकडीकडे सदरलँडची पाचवी आवृत्ती आली होती. जुनी ब्रिटिश पेगॅसस इंजिने सतत पूर्ण ताणावर चालून लवकर झिजत, म्हणून या आवृत्तीत ती काढून अमेरिकी ट्विन वास्प इंजिने बसवली होती, आणि कॅटलिनाची इंजिने त्याच घराण्याची. तेव्हा कॅटलिनाच्या इंजिनांवर हात बसलेला फिटर तळ्यावर सदरलँड येताच त्यांच्या कामाला घेतला जाणे अगदी स्वाभाविक होते. फक्त इंजिनाला अमेरिकी पाने आणि त्याभोवतीच्या ब्रिटिश सांगाड्याला व्हिटवर्थ पाने, अशी दोन जोड्यांची ओझी फळीवर घेऊन बसावे लागत असणार. दुसऱ्या जोडीतला हा एक आपल्याकडे राहिला.

पान्याला आता रंग लावू नका. पातळ तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि सुतळी काढू नका.

मुठाकाठ

सुतळी तशीच आहे. तेल लावताना लक्षात आले की फास फार लहान आहे, माझ्या मनगटात शिरत नाही. आत्याला दाखवला तेव्हा ती म्हणाली, बाबांचे मनगट बाईसारखे बारीक होते, त्यांच्या हातात कडेवजा घड्याळ कधी राहायचे नाही. तिने स्वतःच्या हातात घालून पाहिला, तर बरोबर बसला. खडकवासल्याबद्दल मात्र ती अजून माघार घ्यायला तयार नाही.

भाची लंडनला शिकते. ती पुढच्या महिन्यात हेंडनला जाऊन त्या पंखाच्या फळीचे छायाचित्र काढणार आहे. आल्यावर येथे देतो. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बोगमाळोला जाऊ.